तीन पौंड हवा

अन्वर मुलाणी माणसांना गुण द्यायचा. दहापैकी.

सवय कामातून लागली होती. चाकणच्या पुढे, डोंगराला टेकून, कंपनीचा ट्रॅक आहे. नव्या मोटरसायकली बाजारात जाण्याआधी तिथे पळवून बघतात. अन्वर बावीस वर्षं त्या पळवत होता. फेरी मारायची, उतरायचं आणि अंग थंड व्हायच्या आत फॉर्मवर आकडा लिहायचा. ब्रेक सात. सीट सहा. हँडलची थरथर पाच. पाचाच्या खाली गेलेली गोष्ट परत इंजिनीअरांच्या टेबलावर जायची.

संध्याकाळी देहूरोडला घरी निघाला तरी आकडे थांबत नसत. तळेगाव-चाकण रस्ता, एक. त्या रस्त्यावर उलटे घुसणारे सगळे, शून्य. मुलगी जास्मिन ताथवड्याला इंजिनीअरिंग शिकत होती. तिच्या कॉलेजला चार, तेही इमारतीच्या काचा पुसलेल्या असत म्हणून. बायको खैरुन्निसाच्या रश्शाला आठ. आठच्या वर त्यानं कुणालाच काही दिलं नव्हतं.

इंजिनीअरांना सरसकट तीन. त्यांचे साहेब मोहोळकर, दोन.

या दोनाला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी अन्वरच्या लक्षात आलं की टायररूममधलं हवा मोजायचं गेज खोटं बोलतं. गेज तेहेतीस दाखवायचं तेव्हा टायरमध्ये छत्तीस पौंड असायचे. बापाच्या गॅरेजमधल्या गेजवर त्यानं दोनदा खात्री केली आणि फॉर्मवर लिहून दिलं. मोहोळकर तेव्हा नवे होते, टाय लावून यायचे. त्यांनी फॉर्म वाचला आणि हसून म्हणाले, "अन्वरभाई, तीन पौंडांनी काय फरक पडतो?"

अन्वरनं पुन्हा लिहून दिलं नाही. त्या दिवसापासून तो ट्रॅकच्या तोंडाशी गाडी थांबवायचा, टायर बघायला बसल्यासारखा उकिडवा बसायचा आणि किल्लीच्या टोकानं व्हॉल्व्ह दाबायचा. मनात चार मोजायचा. चार मोजेपर्यंत बरोबर तीन पौंड जातात. मग मागच्या चाकाला तेच. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. ज्यांना फरकच पडत नाही त्यांना काय सांगायचं? गेज वर्षानुवर्षं टायररूमच्या खिळ्याला लटकत राहिलं, खोटं बोलत राहिलं, आणि अन्वर ते रोज गुपचूप दुरुस्त करत राहिला. साहेबलोकांबद्दलचं त्याचं सगळं मत त्या चार आकड्यांच्या फुस्समध्ये मावत होतं.

जानेवारीत ट्रॅकवर गोधडी आली.

नाव कामगारांनी ठेवलेलं. कंपनीची आजवरची सगळ्यात वेगवान गाडी होती ती, एकच नमुना बनलेला. बाहेर कुणाला आकार कळू नये म्हणून तिला नखशिखांत काळीपांढरी ठिगळं चिकटवली होती. गेटवर प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लागायला लागलं. कँटीनच्या भिंतीवर इंग्रजी घोषणा लागली. जाहिरातवाल्यांनी त्या घोषणेचे टी-शर्ट वाटले. ओळखपत्राला निळा पट्टा असलेल्या कायम नोकरांना मिळाले. अन्वरच्या गळ्यात बावीस वर्षं कंत्राटी पिवळा पट्टा होता. त्याला टी-शर्ट मिळाला नाही. मिळाला असता तर त्यानं चेन पुसायला वापरला असता, असं तो म्हणायचा.

गोधडीची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर्षाली टिळेकर नावाच्या मुलीनं आखली होती. एकतीस वर्षांची, श्रीगोंद्याची, हातात कायम लॅपटॉप उघडा. चेसिस हलकी होती. सगळी गंमत त्या हलकेपणात होती. मोहोळकरांना तो हलकेपणा पहिल्यापासून पटला नव्हता.

अन्वरनं पहिल्या दिवशी लांब सरळ पट्ट्यावर गोधडी एकशेसत्तरच्या पुढे नेली. आणि गाडीनं शेपूट हलवलं. थोडंसंच. मागून कुणीतरी सीट धरून डावीउजवीकडे ढकलावं तसं. त्यानं उतरून आकडा लिहिला. चार.

वर्षाली पळत आली. "अन्वरभाई, कॉम्प्युटरवर असं कुठंच दिसत नाही. नक्की किती वेगाला?"

"कॉम्प्युटरला बूड असतं का मॅडम?"

ती हसली नाही. "वारा होता? हवा बरोबर होती ना टायरमध्ये?"

"हवेचं मला नका शिकवू," अन्वर म्हणाला. त्यानं तिला तीन दिले. बाकीच्यांना दिले तेवढेच.

दुसरा चालक होता बंटी. मोशीचा, सव्वीसचा, दोन पोरांचा बाप. त्यानं त्याच गाडीला सात दिले.

"मला तर सरळ चालती ओ अन्वरभाई," तो म्हणाला. "कायबी हालत न्हाई."

"तुला एकशेसत्तरला झोप लागते. झोपेत सगळंच सरळ चालतं."

टायररूमच्या दारात सगळे हसले. बंटीही हसला. त्याचे सात कुणी मोजले नाहीत. बावीस वर्षांपुढे बंटीची दोन वर्षं कोण मोजणार?

मग दोन महिने तेच चाललं. वर्षालीनं बोल्ट बदलले. मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलला. टायरची कंपनी बदलली. अन्वर गाडी घेऊन ट्रॅकच्या तोंडाशी जायचा, उकिडवा बसायचा, चार मोजायचा, जायचा, यायचा, चार लिहायचा. वर्षालीचे डोळे आत गेले. ती आता प्रश्न विचारत नव्हती. फॉर्म हातात घ्यायची, आकडा बघायची आणि वळायची. अन्वरला तिचं ते वळणं आवडायचं नाही, पण चुकीचंही वाटायचं नाही. टेबलावर बसून गाड्या काढल्या की असंच होतं, तो चहावर सगळ्यांना सांगायचा. तिला तो पाठीमागे पॉवरपॉइंटवाली बाई म्हणायचा. ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. चाकणला असं काही पोचायला जेवणाच्या सुट्टीपलीकडे वेळ लागत नाही.

मार्चमध्ये मोहोळकरांनी उपाय काढला. चेसिसला मागे एक लोखंडी पट्टी लावायची. दीड किलोची, चार बोल्टांवर. ती गाडीच्या अंगावर प्लॅस्टर घातल्यासारखी दिसायची. शुक्रवारी डायरेक्टर येणार होते. त्यांच्यासमोर अन्वर पट्टीसकट गाडी पळवणार. गाडी सरळ चालली तर पट्टी कायमची, चेसिस कच्ची ठरणार, आणि वर्षालीची बदली स्कूटरच्या मडगार्डांच्या विभागात. हे मोहोळकरांनी मीटिंगमध्ये तिच्यासमोरच सांगितलं. "लर्निंग आहे हे, वर्षाली," असं म्हणाले. अन्वरपर्यंत तेही जेवणाच्या आत पोचलं.

"मडगार्डवर तरी मॅडम बऱ्या," अन्वर म्हणाला. "तिथं चिखलाशी संबंध येईल."

या वेळी बंटी हसला नाही.

गुरुवारी सकाळी अन्वर टायररूममध्ये चहा प्यायला गेला. टायररूम म्हणजे ज्योतीराम. ज्योतीराम बीडचा, अन्वरच्याच वयाचा, त्याच्याही गळ्यात पिवळा पट्टा. तो गोधडीच्या मागच्या चाकाशी बसला होता. त्यानं खण उघडला, हाताएवढं काळं यंत्र काढलं आणि व्हॉल्व्हला लावलं. यंत्रावर हिरवे आकडे उमटले. तेहेतीस.

अन्वरनं कप खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"गेज."

"कुठलं गेज?"

"आपलंच की. दिवाळीपासून हेच वापरतूय. पॉइंटपर्यंत दाखवतंय बघा, लई अचूक."

अन्वरनं खिळ्याकडे पाहिलं. जुनं पितळी गेज जागेवर होतं. काचेवर हळदीकुंकवाचे सुकलेले ठिपके. वर दसऱ्याच्या झेंडूची काळी पडलेली माळ.

"मग ते?"

"ते बाद झालं. ऑडिटवाल्यानं तपासलं, तीन पौंडाचा फरक निघाला. लाल चिठ्ठी लावून भंगारात टाका म्हणाला." ज्योतीरामनं आवाज खाली आणला. "पण खंडेनवमीला पूजा केलेली वस्तू भंगारात कशी टाकायची, भाऊ? वीस वर्षं भाकरी दिली त्यानं. चिठ्ठी काढली अन् ठेवलं लटकवून. कुणाचं काय जातंय?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"मेल आला होता की सगळ्यांना."

"मला मेल आहे का?"

ज्योतीराम थांबला. "मला तरी कुठंय. साहेबानं वाचून दाखवला." मग त्यानं विचारलं, "पण तुमाला काय करायचंय? हवा तर मीच भरतो."

अन्वर चहा तसाच ठेवून बाहेर आला.

ट्रॅकवर जीप कुत्री हाकलत फिरत होती. तो कठड्याला टेकून बघत राहिला. हिशेब अवघड नव्हता. दिवाळीपासून टायरमध्ये बरोबर हवा होती, आणि दिवाळीपासून तो रोज त्यातली तीन पौंड सोडत होता. दिवाळी ते जानेवारी त्याच्या हाताखाली एकशेपंचवीस सीसीच्या गाड्या होत्या, लोक ऑफिसला नेतात तशा. त्यांना कमी हवा चालून जाते. गोधडीला चालली नाही. एकशेसत्तरला ढिल्या टायरवर कुठलीही गाडी शेपूट हलवेल. बंटीच्या फेरीआधी ज्योतीराम हवा पुन्हा पुरी भरायचा, आणि बंटी ती सोडत नव्हता. बंटीला गाडी सरळ वाटत होती, कारण ती सरळ होती.

आणि ती मुलगी पहिल्याच दिवशी हवेचं विचारत होती.

त्या रात्री तो घरी जेवायला बसला. खैरुन्निसानं रस्सा वाढला. त्यानं गुण दिले नाहीत. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि भांडी आवरायला उठली.

खरं तर वाट सोपी होती. उद्या हवा सोडायची नाही. गाडी सरळ चालेल. आठ लिहायचे. पट्टीनं काम केलं असं सगळे म्हणतील. जुन्या गेजचं कुणाला कळणार नाही, ज्योतीरामलासुद्धा नाही. बावीस वर्षांचा शब्द शाबूत राहील. फक्त मोहोळकरांची दीड किलोची पट्टी पक्की होईल. दर गाडीवर एक. हजारो गाड्या आयुष्यभर ते प्लॅस्टर घेऊन फिरतील, एका माणसानं किल्लीनं व्हॉल्व्ह दाबला म्हणून. आणि मोहोळकर मीटिंगमध्ये सांगतील की मी तेव्हाच म्हटलं होतं.

बाकी सगळं त्यानं कदाचित गिळलं असतं. हे शेवटचं गिळवेना.

शुक्रवारी डायरेक्टर आले. टी-शर्टवाले आले. एकानं गोधडीचा फोटो काढायला मोबाइलवरचं लाल स्टिकर सोलायला घेतलं, सिक्युरिटीनं त्याला बाजूला नेलं. वर्षाली सगळ्यांच्या मागे उभी होती. लॅपटॉप बंद होता.

अन्वर ट्रॅकच्या तोंडाशी थांबला. सवयीनं उकिडवा बसला. किल्ली काढली. व्हॉल्व्हपर्यंत नेली आणि परत खिशात टाकली. मग गेला.

एकशेसत्तर. एकशेऐंशी. एकशेशहाऐंशी. गाडी आखलेल्या रेघेवरून गेली. त्यानं हँडलवरची पकड सैल करून पाहिली. काही नाही. डोंगर अंगावर येत होता आणि खाली गाडी गप्प होती. इतकी चांगली गाडी त्याच्या हाताखाली आली नव्हती. दोन महिने ती रोज हाताखाली होती.

तो परत आला तेव्हा टाळ्या वाजल्या. मोहोळकरांनी डायरेक्टरांकडे वळून हात पसरले. "पट्टीनं काम केलं, सर. बेसिक इंजिनीअरिंग."

अन्वरनं हेल्मेट काढलं. "पट्टी काढा."

"म्हणजे?"

"चार बोल्ट आहेत. बंटी, काढ रे."

"अन्वरभाई, प्लॅनमध्ये नाहीये हे," मोहोळकर हलक्या आवाजात म्हणाले.

"बावीस वर्षांत एकदा प्लॅनबाहेर मागतोय, साहेब."

डायरेक्टरांनी मान हलवली. बंटी आधीच पाना घेऊन बसला होता. पट्टी निघाली. अन्वर पुन्हा गेला. एकशेशहाऐंशी. तीच रेघ. परत आला, फॉर्म मागितला आणि नऊ लिहिले. बाजूला उभ्या ज्योतीरामनं तो आकडा दोनदा वाचला. अन्वरच्या हातचा नऊ कुणी पाहिला नव्हता.

"मग दोन महिने काय होत होतं?" डायरेक्टरांनी विचारलं.

अन्वरनं सांगितलं. जुनं गेज, नवं गेज, किल्ली, चार आकडे. लांबवलं नाही. ज्योतीरामच्या पूजेबद्दल बोलला नाही. जुनं गेज खिळ्यावर दिसत होतं, मी विचारलं नाही, एवढंच म्हणाला. तो बोलत असताना ज्योतीराम जमिनीकडे बघत होता.

मोहोळकरांना राग यायच्या आधी नवल वाटलं. "तीन पौंडांनी एवढा फरक?"

"पडतो," वर्षाली मागून म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. ती पुढे आली. "या वेगाला पडतो. पहिल्या दिवशी मी हवेचं विचारलं होतं, अन्वरभाई."

"विचारलं होतंत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"शिकवू नका म्हणालो."

"आणि बंटी सात देत होता. त्याला?"

"झोपतो म्हणालो."

बंटी पान्याकडे बघत होता. "जाऊ द्या ओ मॅडम," तो पुटपुटला. "पर तीन पौंड बुडाखाली कळलं यांना. मला न्हाई कळणार जन्मात."

"कळलं," वर्षाली म्हणाली. "आणि सांगितलं नाही. माझे दोन महिने." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर अन्वरला बरं वाटलं असतं. तिनं फॉर्म उलटा केला. मागे छापील रकाना होता, दोषाचं कारण. तो इंजिनीअरनं भरायचा असतो. तिनं पेन अन्वरपुढे धरलं. "हे तुम्हीच लिहा."

मोहोळकर पुढे आले. "वर्षाली, हे कागदावर नको. बाद झालेलं गेज, ऑडिट, खूप फाटे फुटतील. टायरचा प्रॉब्लेम होता असं टाकू."

अन्वरनं त्यांच्याकडे पाहिलं. दोन. अकरा वर्षांत तसूभर हलले नव्हते. मग त्यानं पेन घेतलं आणि रकान्यात एक शब्द लिहिला. चालक.

वर्षालीनं तो वाचला. फॉर्म परत घेतला. आणि त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात अजून एक ओळ लिहिली: टायरमध्ये तीन पौंड हवा कमी असल्यास एकशेसत्तरच्या पुढे गाडी हलते, चेसिसवर काम बाकी.

"हे कशाला?" मोहोळकर म्हणाले. "चेसिस पास झालीय तुझी."

"गिऱ्हाईक पंपावर हवा भरणार, सर. पंपावरची गेजं काय खरी असतात? यांना कळलं ते त्यालाही कळणार. फक्त तो पडल्यावर कळेल."

डायरेक्टर घड्याळ बघत आपल्या मोटारीकडे गेले. टी-शर्टवाले त्यांच्यामागे गेले. मोहोळकर जाता जाता अन्वरला म्हणाले, कंत्राट महिनाअखेर संपतंय, पुढचं बघू. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

टायररूमच्या दारात वर्षालीनं अन्वरला गाठलं. हातात काळं डिजिटल गेज होतं.

"महिनाअखेर तरी आहात ना?"

"आहे."

"सोमवारपासून. दोन पौंड कमी, तीन कमी, पाच कमी. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. प्रत्येकाला दोन फेऱ्या. तुम्ही जायचं, बंटीनं पण जायचं. दोघांनी आकडे लिहायचे, एकमेकांना न दाखवता." तिनं गेज त्याच्या हातात दिलं. "आणि मोजून सोडायची. मनात चार आकडे नाही."

"मी मोजूनच—"

ती वळून गेली होती.

अन्वर दारात उभा राहिला. गेज हलकं होतं, खेळण्यासारखं. आत ज्योतीराम स्टूलवर चढून खिळ्यावरचं जुनं गेज काढत होता. त्यानं ते माळेसकट फडक्यात गुंडाळलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. "गावाकडं नेतो," तो म्हणाला. "हितं परत कुणाला फसवायला नको."

"ते खरंच बोलत होतं," अन्वर म्हणाला. "कायम तीन कमी. खोटं कधी बदललं नाही त्यानं."

घरी त्यानं खैरुन्निसाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत ऐकत होती.

"बाई कडक आहे," तो शेवटी म्हणाला. "सात."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "और तुम्हारे कितने?"

अन्वरनं ताट पुढे ओढलं. पोळी तोडली, रश्शात बुडवली, खाल्ली. रस्सा आठ होता. तेवढंच तो म्हणाला.